घराजवळचा एक तुकडा, वर्षभर: ठाणे-नवी मुंबईत वन्यजीवांच्या नोंदी कशा ठेवाव्यात

खाडीवरच्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे फोटो दर हिवाळ्यात हजारोंनी निघतात. त्यातल्या फार थोड्या फोटोंबद्दल दहा वर्षांनी कुणाला सांगता येईल की तो नेमका कुठला, कधीचा, त्या वेळी भरती होती की ओहोटी, आणि थव्यात पक्षी किती होते. याउलट एखाद्या वहीतली ओळ बघा: ‘१२ डिसेंबर, सकाळी ७:१० ते ७:५०, ऐरोलीची बांधावरची वाट, ओहोटी, शेकाट्या ३४, राखी बगळा २, घार ६, कुरव दिसले नाहीत.’ फोटोइतकी ती देखणी नाही, पण ती कायम उपयोगी पडते. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच वाटेवर, तेवढाच वेळ उभं राहून दुसऱ्या कुणीही ती ताडून पाहू शकतो.

अशी ओळ लिहायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. पद्धत लागते, सातत्य लागतं आणि चुकलं तर सांगणारी माणसं लागतात. ही तिसरी गोष्ट एकट्याने जमत नाही, म्हणून निसर्ग मंडळ हवं. ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १८८३ साली मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे आजची बीएनएचएस, स्थापन केली. त्या आठांत दोन मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन. ठरावीक दिवशी भेटायचं, पाहिलेलं एकमेकांना दाखवायचं, नमुने आणि टिपणं जपायची, एवढाच सुरुवातीचा बेत होता. गल्लीतल्या मंडळाने आजही एवढं केलं तरी पुष्कळ आहे.

आधी जागा ठरवा, आणि ती लहान ठेवा

नवीन माणूस थेट येऊरच्या जंगलात जातो, खूप पक्षी बघतो आणि पुन्हा चार महिन्यांनी उगवतो. त्यातून आनंद मिळतो, नोंद तयार होत नाही. घरापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत असलेली जागा घ्या. ठाण्यात कचराळी, उपवन, मासुंदा असे तलाव आहेत. नवी मुंबईत नाल्याकाठच्या वाटा, पारसिकच्या डोंगराचा पायथा, नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागा आहेत. यातलं काहीच जवळ नसेल तर सोसायटीचं आवार, शाळेचं मैदान, स्टेशनच्या वाटेवरची वडा-पिंपळांची रांगही चालेल. मला तर सोसायटीचं आवार सर्वांत मोलाचं वाटतं, कारण तिथे दुसरं कुणी नोंद करत नाही.

मग हद्द आखा. नकाशावर बोटाने नाही, कागदावर रेघ मारून. ‘तलाव’ म्हणजे फक्त पाणी, की भोवतालची पायवाट आणि झाडंही? वरून उडत गेलेली घार मोजायची का? काय ठरवता याला फारसं महत्त्व नाही. ठरवलेलं वर्षभर बदलू नका, हे महत्त्वाचं. त्या हद्दीतल्या मोठ्या झाडांची एक यादी पहिल्याच आठवड्यात करून टाका. कुठलं झाड कुठे आहे हे ठाऊक असलं की निम्मे प्राणी कुठे शोधायचे तेही कळतं. उंबर फळला की तिथे तांबट, कोकीळ आणि रात्री वटवाघळं येणार. सावर, पळस, पांगारा फुलले की भोरड्यांचा कलकलाट सुरू होणार.

दोन जागांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि ठरलेल्या वेळेबाहेर शिरायचं नाही. बिबट्याचा वावर असलेल्या भागात पहाटेच्या अंधारात एकट्याने तर अजिबात नाही. दुसरी जागा खाडीचा चिखल. वरून घट्ट दिसतो आणि गुडघ्यापर्यंत गिळतो. तिवरांच्या आत घुसून पाहण्यासारखं जे आहे ते बांधावरून, जेट्टीवरून, किंवा ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून नीट दिसतं.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक फेरीच्या माथ्यावर पाच गोष्टी आल्याच पाहिजेत: तारीख, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, जागा, सोबत किती जण होते, आणि हवामान. हवामान म्हणजे दोन शब्द पुरेत, ‘ढगाळ, वारा नाही’. त्याखाली दिसलेलं किंवा ऐकलेलं सगळं, संख्येसह.

यात वेळेचा हिशेब सर्वांत जास्त टाळला जातो आणि तोच सर्वांत गरजेचा असतो. वीस मिनिटांत पाच बुलबुल आणि दोन तासांत पाच बुलबुल या वेगळ्या गोष्टी आहेत. फेरी किती वेळाची हे लिहिलं नसेल तर पुढे कुणालाही दोन वर्षांची तुलना करता येत नाही. सुरुवातीला अर्ध्या तासाची फेरी ठेवा. आठवड्यातून एकदा जमलं तर उत्तम, पंधरवड्यातून एकदा जमलं तरी चालेल.

दुसरी टाळली जाणारी गोष्ट म्हणजे कावळा. ‘तो काय, रोजचाच’ म्हणून कावळा, पारवा, साळुंकी लिहिल्याच जात नाहीत. चिमण्या कमी झाल्या असं आपण सगळे म्हणतो. पण आपल्या गल्लीत वीस वर्षांपूर्वी किती होत्या हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं, कारण तेव्हा त्या रोजच्याच होत्या. आज जे रोजचं आहे तेच आधी मोजा. कावळ्यांची घरटी उन्हाळ्यात मोजणं हा तर छान स्वतंत्र उद्योग आहे. घरटं कुठल्या झाडावर, त्यात काड्यांबरोबर तारा किती, आणि कोकिळेची मादी आसपास घुटमळते का, हे गॅलरीतून बघता येतं.

तिसरी गोष्ट: न दिसलेलंही लिहा. ‘पाणकावळा शोधला, नाही’ ही पूर्ण नोंद आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धोबी पक्षी कधी परतले हे ठरवताना, आदल्या आठवड्यात ते नव्हते हे लिहिलेलं असलं तरच तारखेला अर्थ येतो.

काय केलं तेही टिपा. नुसतं ‘दयाळ १’ लिहिण्यापेक्षा ‘दयाळ नर १, दिव्याच्या खांबावर गात होता, ५:५०’ हे बरं. खाणं, भांडणं, चोचीत काडी, पिल्लाला भरवणं, यांतलं जे दिसेल ते तीन-चार शब्दांत.

वही कागदाची ठेवा आणि घरी आल्यावर त्याच दिवशी संगणकाच्या तक्त्यात उतरवा. एका फेरीतल्या एका जातीला एक ओळ, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. एकाच रकान्यात ‘बगळे, घार, २ खंड्या’ असं कोंबलेलं पुढे कुणालाच वापरता येत नाही.

खाडीकाठी जात असाल तर तिथी बघा

ठाणे खाडीचं सगळं वेळापत्रक भरती-ओहोटीवर चालतं. पाणी ओसरलं की चिखल उघडा पडतो, त्यातलं शेवाळ, किडे, शिंपले मोकळे होतात आणि पक्षी जेवायला पसरतात. पाणी चढलं की त्यांना उभं राहायला जागा उरत नाही, मग थवे उठून आजूबाजूच्या पाणथळांवर विसाव्याला जातात. नेरुळच्या डीपीएस तलावावर किंवा सीवूड्सच्या टीएस चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळावर रोहित दिसतात ते बहुतेक अशा वेळी. म्हणजे खाडीवर पक्षी दिसले नाहीत याचा अर्थ ते आले नाहीत असा नसतो. तुम्ही भरतीला गेलात, एवढाच असू शकतो. वेळेबरोबर पाण्याची अवस्था लिहिल्याशिवाय खाडीची नोंद अर्धीच राहते.

कोळी-आगरी घरांत यासाठी एक सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. दिवसाला दोन भरत्या, त्यांत साधारण साडेबारा तासांचं अंतर, आणि रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. खाडीत आत ठाण्याकडे पाणी पोहोचायला मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा उशीर लागतो, म्हणून या हिशेबात थोडी वाढ धरा. आपल्या जागेसाठी ती वाढ किती हे दोन-तीन महिन्यांच्या नोंदींतून तुम्हालाच काढता येईल. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी फार चढतं आणि फार उतरतं. अष्टमीच्या आसपासच्या भांगाला हा फरक कमी असतो. दर वेळी उधाणालाच गेलात तर खाडीची एकच बाजू दिसेल.

पक्ष्यांखेरीज बांधाच्या पायथ्याशी ओहोटीला निवट्या नावाचे छोटे मासे चिखलावर उड्या मारताना दिसतात. एकच आकडा भलामोठा असलेले छोटे खेकडे तो हलवत बसलेले असतात. यांचीही मोजणी करता येते. चिखलाचा साधारण एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकडा नजरेने ठरवा, पाच मिनिटं हलू नका, मग बाहेर आलेले मोजा. हलणं थांबेपर्यंत ते बिळाबाहेर येतच नाहीत.

मोठे थवे मोजताना आकडा ठोकून देऊ नका. थव्यातले दहा पक्षी नीट मोजा, ते दहा किती जागा व्यापतात ते डोळ्यांत भरा आणि तेवढे तुकडे थव्यावरून पुढे सरकवत जा. मोठ्या थव्याला पन्नासाचा तुकडा घ्या. दोघांनी वेगवेगळं मोजावं, एकमेकांना आकडा आधी सांगू नये, आणि दोन्ही आकडे लिहावेत. थव्याची घनता सगळीकडे सारखी नसते, म्हणून दाट आणि विरळ भाग वेगळे मोजा.

ओळख: जितकं खात्रीचं, तितकंच

‘लहान, तपकिरी, ओळखला नाही’ असं लिहायला लाजू नका. चुकीच्या नावापेक्षा ते फार बरं. जातीपर्यंत पोहोचता आलं नाही तर गटावर थांबा: ‘तुतवार गटातला’, ‘नाकतोडा’, ‘निळसर छोटं फुलपाखरू’. नाव नंतर लावता येतं, चुकीचं लागलेलं मात्र सहसा कुणी काढत नाही.

बगळे हे सुरुवातीला चांगलं प्रशिक्षण आहे, कारण ते सगळीकडे आहेत आणि फसवतात. काळी चोच, काळे पाय आणि पिवळी पावलं, तर छोटा बगळा. आखूड पिवळी चोच आणि गुरांच्या किंवा कचऱ्याच्या आसपास, तर गाय बगळा. मोठ्या बगळ्यात तोंडाची फट डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्यात ती डोळ्याखालीच थांबते. विणीच्या काळात चोचीचे रंग बदलतात, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नका. रोहितांतही दोन जाती मिसळलेल्या असतात: चोच फिकट गुलाबी आणि टोक काळं तो मोठा रोहित, जवळजवळ सगळी चोच गडद लाल-काळी तो लहान रोहित.

फुलपाखरांचा फोटो घेताना पंख उघडे आणि मिटलेले दोन्ही घ्या, अनेक जाती खालच्या बाजूवरून ओळखाव्या लागतात. त्यांच्यामागे धावण्यापेक्षा झाडं शिका. कढीपत्ता आणि लिंबावर लिंबाळीच्या अळ्या, रुईवर बिबळ्या कडव्याच्या, पानफुटीच्या मांसल पानांत रेड पिएरोच्या. राज्य फुलपाखरू नीलवंत, ज्याला २०१५ साली तो मान मिळाला, त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. अळी सापडलेलं झाड ही उडून गेलेल्या फुलपाखरापेक्षा वजनदार नोंद आहे, कारण ती जात इथे नुसती येत नाही, इथे जन्मते, हे त्यातून कळतं. घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकर वाडीत हे झाड-फुलपाखरू नातं एका सकाळीत शिकता येतं.

आवाजासाठी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि सुरुवातीला तारीख-वेळ-जागा स्वतः बोलून ठेवा. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिनसारखं अ‍ॅप सुचवेल ते नाव हा अंदाज समजा. पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत किंवा जाणत्याने ऐकेपर्यंत ते नाव वहीत कंसात राहू द्या.

मंडळात काय चालावं

आपल्या भागात मंडळ असेल तर एका फेरीला नुसतं जा आणि बघा: फेरीनंतर कुणी यादी लिहितं का? गेल्या वर्षीची यादी कुणाकडे मागितली तर मिळते का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर तो सहलीचा गट आहे. त्यातही मजा आहे, पण यादीचं काम तुम्हीच अंगावर घ्या. मंडळ नसेलच तर चौघे पुरतात.

त्या चौघांत कामं वाटा. एक जण फेरीची यादी लिहील, एक जण तक्ता सांभाळेल, एक जण फोटो-आवाज तारखेप्रमाणे साठवेल आणि एक जण शंका काढेल. हे शंकेचं काम सर्वांत अनुभवी माणसाकडे द्या. येऊरऐवजी कोपरीच्या गल्लीत नवरंग पक्षी दिसला असं कुणी सांगितलं तर त्याने विचारायचं: किती अंतरावरून, किती वेळ, उजेड कुठून, आणखी कुणी पाहिला? असं विचारणं अपमान नाही, हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांना सांगा. आणि विचारणाऱ्यानेही आवाज मऊ ठेवावा. नवख्या मुलीची पहिली नोंद चारचौघांत खोडून काढली तर ती दुसरी आणत नाही.

जागांच्या नावांची एक यादी मंडळाने ठरवावी. कुणी ‘तलावपाळी’ लिहितो, कुणी ‘मासुंदा’, आणि तक्त्यात एकाच तलावाचे दोन तलाव होतात. जातींचंही तेच: वंचक आणि ढोकरी एकच पक्षी. मराठी नाव आवडेल ते ठेवा, पण शेजारच्या रकान्यात शास्त्रीय नाव असू द्या.

एक बारीक पण फार उपयोगाची गोष्ट: व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती गळून जाते. मंडळाच्या साठ्यासाठी तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा मूळ फाइल द्या.

जगाच्या साठ्यात भर

निरीक्षणं नोंदवायची दोन जागतिक संकेतस्थळं आहेत: पक्ष्यांसाठी ईबर्ड आणि बाकी सगळ्यांसाठी आयनॅचरलिस्ट ही सोपी वाटणी आहे. ईबर्डवर पूर्ण यादी द्या, म्हणजे ओळखलेले सगळे पक्षी, निवडक नाही. किमान पंधरा मिनिटांची फेरी धरा. संख्या ‘क्ष’ (म्हणजे दिसला, पण मोजला नाही) म्हणून सोडण्यापेक्षा अंदाजी का होईना आकडा द्या. आयनॅचरलिस्टवर फोटो किंवा आवाज, तारीख आणि ठिकाण असलेली नोंद इतरांच्या ओळखीने पक्की होत जाते. कुंडीत लावलेली जास्वंद किंवा पिंजऱ्यातला पोपट टाकणार असाल तर तो रानटी नाही अशी खूण जरूर करा.

मात्र ठिकाण उघड करण्याआधी थांबा. घुबडाचं घरटं, कोल्ह्याचं बीळ, खवले मांजर, वटवाघळांचं वस्तीचं झाड यांची नेमकी जागा मंडळाच्या वहीत राहावी, नेटवर ती धूसर करावी. नवी मुंबईच्या कांदळवनांत आणि खारघरच्या बाजूला सोनेरी कोल्हे आहेत. त्यांचा पत्ता जाहीर झाला की दुसऱ्या दिवशी गाड्या उभ्या राहतात. घरट्याजवळ फांद्या बाजूला करून फोटो काढणं आणि पक्षी यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज लावणं, या दोन्हींना मंडळात सरळ बंदी असावी. पिल्लांना उन्हात उघडं पाडून मिळालेला फोटो मला कितीही सुंदर असला तरी बघवत नाही.

सस्तन प्राण्यांच्या नोंदी बहुतेक खुणांवरून होतात: ओल्या मातीतले ठसे, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला विष्ठेचा फोटो, गच्चीवरून पळालेलं उदमांजर पाहिल्याची वॉचमनची साक्ष. वॉचमन, सफाई कामगार, खाडीत जाळं टाकणारे यांच्याशी बोलत राहा आणि वहीत ‘ऐकीव’ असं वेगळं लिहा. वनक्षेत्रात कॅमेरा सापळा, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावायला वनखात्याची परवानगी लागते.

साप दिसला तर दुरून फोटो, बस. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही विषारी साप आपल्या जिल्ह्यात आहेत, आणि निरुपद्रवी धामण, दिवडही. ओळखीची परीक्षा हाताने द्यायची नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार साप पकडणं-बाळगणं हा गुन्हाही ठरतो. अडकलेल्या, जखमी प्राण्यासाठी वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे.

वर्षाची आखणी

जूनमध्ये सुरुवात केली तर फार बरं, कारण पहिल्या पावसात सगळं एकदम बदलतं. चातक येतो, येऊरमध्ये नवरंग बोलू लागतो, डबक्यात पिवळे झालेले बेडूक ओरडतात, सुगरण विणायला लागते. जुलैच्या अखेरच्या राष्ट्रीय पतंग सप्ताहात गच्चीवर पांढरी चादर आणि दिवा लावून रात्रीचे पतंग मोजता येतात. सप्टेंबर फुलपाखरांचा. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडणारा. शाळांना बरोबर घ्यायला हा काळ उत्तम. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. तिच्यात भाग घेण्याआधी थवा मोजण्याचा सराव झालेला हवा. फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही पक्षिगणना, एप्रिलच्या शेवटी सिटी नेचर चॅलेंज हा शहरांतल्या जीवांच्या नोंदींचा उपक्रम. मे-जूनमध्ये रोहित निघून जातात. शेवटचा थवा कधी दिसला ही तारीख पहिल्या आगमनापेक्षा पकडायला अवघड असते. त्या दिवसांत फेऱ्या वाढवा.

या मोठ्या गणनांचा उत्साह चांगला, पण त्यांच्यामधल्या साध्या आठवड्यांच्या फेऱ्या बुडू देऊ नका. आलेख त्यांच्यावरच उभा राहतो.

वर्ष भरल्यावर

तक्त्यातून तीन गोष्टी काढा: जातींची यादी, प्रत्येक जात कुठल्या महिन्यांत दिसली त्याची पट्टी, आणि नेहमीच्या दहा जातींची दर फेरीतली सरासरी संख्या. चार पानांचा मराठी अहवाल करा. त्यात हद्दीचा नकाशा, फेऱ्यांची संख्या आणि एकूण तास आधी द्या, फोटो नंतर.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करणं हे तिचं काम आहे. अहवालाची प्रत पोच घेऊन तिथे द्या. एक प्रत बीएनएचएसकडे, एक जवळच्या ग्रंथालयात, एक सोसायटीच्या कार्यालयात. ठाणे खाडीचं २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि २०२२ साली तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला. पण तुमच्या नाल्याला, तुमच्या तलावाला असा कुठलाही दर्जा नाही. तिथे भराव टाकायचा किंवा झाडं तोडायची नोटीस लागते तेव्हा हरकतीला मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत नोंदी गोळा करता येत नाहीत. त्या आधीच असाव्या लागतात, तारखांसह.

दुसऱ्या वर्षी जागा बदलायचा मोह होईल, कारण पहिलीची यादी जवळपास भरलेली असेल. नवीन जागा घ्यायची तर जादा घ्या, जुनी सोडू नका. हद्द, फेरीची वेळ आणि तक्त्याचे रकाने तेच ठेवा. ठाणं सोडून जायची वेळ आली तर वही मंडळातल्या पुढच्या माणसाला द्या आणि निदान दोन फेऱ्या त्याच्याबरोबर चाला, म्हणजे तो मोजणी त्याच झाडापासून सुरू करेल.